पितृपक्षात काय वाजवायचं

डोंबिवलीकराला फोन करून विचारा, "तुम्हाला कुठल्या प्रकारची गाणी आवडतात?" तो घसा साफ करणार आणि म्हणणार, "नाट्यसंगीत." मग जरा थांबून, "भावगीतंही. शास्त्रीय तर अर्थातच." आता हे अगदी धादांत खोटं असतं असं नाही. आपल्याला तीच गाणी आवडायला हवीत असं त्याला मनापासून वाटत असतं. पण रेडिओ चालवणाऱ्याने या उत्तरावर विश्वास ठेवला, तर त्याचं दुकान बसलंच म्हणून समजा. आमचं जवळजवळ बसलेलं.

मी रेडिओवर गाणी निवडायचं काम करते. लोकांना वाटतं, किती छान, दिवसभर गाणी ऐकायची! डोंबलाची गाणी. दिवसभर मी पडद्यावरचे आलेख बघते. कुठल्या गाण्याला लोक उठून गेले, कुठलं गाणं महिन्यात कितीदा लागलं, जाहिरातीच्या आधी काय लावलं की माणूस जाहिरात संपेपर्यंत टिकतो. मुंबईतल्या एका मोठ्या स्टेशनवर मी वर्षानुवर्षं हेच केलं. मग त्यांनी सगळ्या शहरांची गाणी एकाच जागेवरून, कॉम्प्युटरने लावायचं ठरवलं आणि मला फुलांचा गुच्छ दिला. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला आमच्या धंद्यात गुच्छ मिळाला की त्याचा अर्थ एकच असतो.

त्यानंतर मी घरी बसून आईच्या डोक्यावर मिरे वाटले. बाबा गेल्यापासून डोंबिवली पूर्वेच्या घरात आम्ही दोघीच. आई ऐंशीला टेकलेली, पण जीभ अजून सोळा वर्षांची. शेवटी तीच म्हणाली, "अगं, कुठेतरी नोकरी बघ बाई. माझ्या कुकरच्या शिट्ट्या किती वेळ ऐकत बसणारेस?"

नेमका त्याच आठवड्यात मानपाड्याहून एका तरुणाचा फोन आला. आगरी घरातला. पणजोबा-आजोबांची भातशेती, वडील तरुणपणी मिठागरावर राबलेले, आणि आता रस्त्याला लागून इमारती आणि ओळीने गाळे. त्यातला वरच्या मजल्यावरचा एक गाळा त्याने बापाच्या मागे लागून घेतला, भिंतींना फोम चिकटवला आणि ठाणे ते कल्याण एवढ्याच टापूसाठी मोबाइलच्या ॲपवर चालणारं रेडिओ स्टेशन काढलं. ट्रॅफिक आपला, बातम्या आपल्या, आवाज आपले. हौस दांडगी. फक्त गाणी कुठली लावायची ते त्याला कळत नव्हतं.

"ताई, सगळीच लावतो. नवी, जुनी, मराठी, हिंदी, पंजाबी. पण कोण थांबतच नाय."

"अरे, सगळी लावतोस म्हणूनच. माजिवड्याच्या जंक्शनला उभं राहून 'कुठेही सोडतो' म्हणणाऱ्या रिक्षात तू बसशील का?"

तो हसला आणि मी नोकरीला लागले.

त्याच्या वडिलांची आणि माझी ओळख जिन्यात झाली. सत्तरीचे, काळेसावळे, पांढरा सदरा, संध्याकाळी गाळ्यांसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. त्यांना आमचं रेडिओ स्टेशन म्हणजे शुद्ध येडेपणा वाटायचा. एका जिमवाल्याचा त्या गाळ्यावर डोळा होता. तो येता-जाता म्हाताऱ्याला नमस्कार करायचा आणि म्हातारा माझ्याकडे बोट करून त्याला म्हणायचा, "यांचा होऊंदे, मग तू ये." म्हणजे मी कामाला लागायच्या आधीच माझ्या खुर्चीवर ट्रेडमिलची मापं घेतली जात होती. मला या बाबतीत कसलाही गैरसमज नव्हता. ही नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली नसती. आणि त्या पोराचं स्वप्न त्याच्याच बापाने जिन्यावरून खाली आणलं असतं.

तर, गाणी. आमच्या धंद्यात याला फॉरमॅट म्हणतात: स्टेशनने एक प्रकार धरायचा आणि त्याला चिकटून राहायचं, म्हणजे ऐकणारा ठरतो, आणि ऐकणारा ठरला की जाहिरात देणारा ठरतो. प्रकार कसा धरायचा? लोकांना फोन करायचा, गाण्याचा सगळ्यात ओळखीचा तुकडा ऐकवायचा आणि पाचपैकी गुण विचारायचे. पहिली चाचणी मी घरीच, आईवर घेतली. ती भेंडी चिरत होती. मी एकामागून एक तुकडे लावले. नाट्यगीताला तिने पाचपैकी पाच दिले आणि असं तोंड केलं की जणू पुरस्कारच स्वीकारतेय. हिंदी क्लबमधल्या नाचाच्या गाण्याला म्हणाली, "शी. एक दे. नाही, शून्य."

मग आम्ही फोन लावले. दुपारचे. दुपारी घरी फोन उचलतं कोण, हे मला सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं. डोंबिवलीने एकमुखाने नाट्यगीत म्हटलं, कल्याणने भावगीत, ठाण्याने दोन्ही. मी खुलले. म्हटलं, बघ, आपली माणसं अजून शाबूत आहेत! अभिजात मराठीचा फॉरमॅट धरला.

कौतुक विचारू नका. पत्रं आली, एका सभागृहात सत्कार झाला, शाल-श्रीफळ. ज्या निवृत्त गृहस्थांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, त्यांना मी विचारलं, "सकाळचा कार्यक्रम ऐकता ना?" ते म्हणाले, "ऐकायचाय हो. पण ते ॲप की काय म्हणतात, ते कुठे मिळतं?" कपाळ माझं!

पडद्यावरची ऐकणाऱ्यांची रेघ खाली तळाशी गपगुमान झोपलेली. आणि कल्याणचा एक सोनार, आमचा एकुलता एक मोठा जाहिरातदार, मला अगदी आदराने म्हणाला, "मॅडम, तुमचं स्टेशन फार सात्त्विक झालंय. सात्त्विक वाटायला लागलं की गिऱ्हाईक पाकिटात हात घालत नाही." त्याने जाहिरात काढून घेतली. मी त्याच्यावर चिडले, घरी येऊन आईवर चिडले, पण त्याचं बरोबर होतं.

तुळशीची लग्नं लागली आणि आमचा मालक, म्हणजे तो मानपाड्याचा पोरगा, मला एका हळदीला घेऊन गेला. त्यांच्याच नात्यातली. हळद म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्रीचा कार्यक्रम, पण या गावांत खरं लग्न तेच. मांडव, अख्ख्या गावाला जेवण, बँजो पार्टी, स्पीकरच्या भिंती. चौथीतल्या पोरीपासून पणजीपर्यंत सगळे नाचत होते आणि आगरी-कोळी गाण्यांची एकेक ओळ सगळ्यांना पाठ. आणि मध्ये रुमाल दातांत धरून कोण नाचतंय? तर आमचे शालवाले गृहस्थ! नवऱ्या मुलाच्या ऑफिसातले जुने साहेब म्हणून आलेले. मला बघून थबकले. मी म्हटलं, "चालू द्या हो, पाचपैकी पाच." पुढे त्यांनी मला कधी पत्र पाठवलं नाही.

त्या रात्रीनंतर मी लोकांना काय आवडतं हे विचारणं बंद केलं. ते काय करतात ते बघायला लागले. आम्ही हळदीची गाणी धरली. आगरी, कोळी, बँजोवाली, नवी, जुनी. आणि काय सांगू, रेघ अशी उठली की मालकाला वाटलं पडदा बिघडला. केस कापायच्या दुकानांत, गॅरेजात, पिठाच्या गिरणीत, रिक्षांत आमचं ॲप. केटरर आले, मंडपवाले आले, मेकअपवाल्या आल्या. सोनार परत आला आणि म्हणाला, "आता कसं!" लग्नसराई संपली तरी ऐकणारे हलेनात, पोरी नाच बसवायला तेच लावायच्या. म्हाताराही जिन्यात माझ्याकडे बघून बोट दाखवायचा थांबला. चालत्या फॉरमॅटला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी तो मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवला. तिथेच माती खाल्ली.

गणपती आले. त्या दिवसांपुरती आम्ही आरत्यांची आणि गणपतीच्या गाण्यांची वेगळी यादी कॉम्प्युटरला दिली, अनंत चतुर्दशीपर्यंतची. विसर्जनाच्या रात्रीचं लाइव्ह आटपून आम्ही सगळे आडवे झालो. यादी संपली. आणि कॉम्प्युटरने इमानदारीत, न विचारता, नेहमीची गाणी चालू केली.

पितृपक्ष लागलेला. आणि सकाळी-सकाळी, ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या गिरण्यांमधून आणि दुकानांमधून, बँजोसकट हळद!

मला जाग आली ती फोनने. मी ऑफिसात पोचले तर म्हातारा जिना चढून वर आलेला. तो आधी कधीच वर आला नव्हता. फोम लावलेल्या भिंतीला हात लावून उभा होता, धाप लागलेली.

"घरान पितर जेवाला येतान, आनि तुमी हलद लावता?" तो म्हणाला. "नवरा कोन हाय? माझा मेलेला आजा? गावान तोंड दाखवाला जागा नाय ठेवली. सगले मला फोन करतान, तुझ्या गाळ्यान कोनाचं लगीन हाय म्हनून."

मालकाने मान खाली घातली. मी काहीतरी पुटपुटले, कॉम्प्युटर वगैरे. म्हाताऱ्याने हात वर केला.

"बस झाला. पितृपक्ष संपला क घटस्थापनेला जिमवाला पूजा घालल. तवर सामान काढा."

आणि गेला. त्याच्या चपला जिन्यावर वाजत राहिल्या. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, आणि राग आला की मी समोर दिसेल त्याला बोलते. समोर मालक होता. बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, बाबा चूक नाय बोलले."

तेच तर. चूक बोलले असते तर मी भांडले असते.

आता प्रश्न साधा होता. पितृपक्षात काय वाजवायचं? हळद गेली. गणपती गेले. गरब्याला अजून अवकाश. सिनेमाची नाचगाणी लावावीत तर पुन्हा तेच बोलणं. भजनं दिवसभर कोण ऐकणार? आणि जाहिराती तर नाहीतच. या दिवसांत आपल्याकडे कोणी सोनं घेत नाही, फ्लॅट बुक करत नाही, साधा फ्रीज घ्यायचा तरी माणूस म्हणतो नवरात्रात बघू. सोनाराने फोनवर सांगितलं, "आता घटस्थापनेला बोलू." मनात म्हटलं, तेव्हा तू जिमवाल्याशी बोल.

"बंदच ठेवूया," मालक म्हणाला. "तसंही जायचंच आहे."

मी घरी आले. दुसऱ्या दिवशी बाबांची तिथी होती. आई अळूची पानं पुसत होती, जाड शिरा काढून. अळूवडी बाबांना जीव की प्राण.

"कोथिंबीरवडीपण कर की थोडी," मी म्हटलं.

"ती कशाला? ती मला आवडते. उद्या त्यांचा दिवस आहे. त्यांना आवडायचं तेच करायचं."

मी पानं पुसायला बसले. आणि मला बाबा दाढी करताना दिसले. आरशाजवळ तोंड नेऊन, गालाला फेस, आणि शीळ. कायम एकच गाणं, हिंदी सिनेमातलं, टांगेवाल्याचं. इतकं की लहानपणी मला वाटायचं ते गाणं बाबांनीच केलंय. मग डोक्यात आलं: त्यांच्या आवडीचं पानात वाढतो. मग आवडीचं गाणं का नाही लावायचं?

मी माइकवर कधी बोलत नाही. माझा आवाज भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या बाईचा आहे, रेडिओचा नाही. पण निवेदक मुलगी घाबरून आलीच नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मीच बसले. म्हटलं, "काल सकाळी आमच्याकडून चूक झाली. ज्यांच्या घरी पितर जेवायला आले होते त्यांची माफी मागते. आज माझ्या बाबांची तिथी आहे. घरी अळूवड्या केल्यात. आणि हे गाणं, ते दाढी करताना शीळ घालायचे ते. तुमच्या माणसाला कुठलं आवडायचं? फोन करा, लावते."

गाणं संपायच्या आत फोन वाजायला लागला.

पहिला मोहन्याचा रिक्षावाला. त्याचे वडील तिथल्या कारखान्यात होते आणि घरी आल्यावर रोज तेच एक हिंदी गाणं म्हणत भाकरीची वाट बघायचे. गाण्याचे शब्द त्याला अर्धेच येत होते. मग ठाण्याच्या खाडीकाठची एक कोळीण, मासे विकून परत आलेली. नवऱ्याचं आवडतं गाणं सांगितलं आणि म्हणाली, "मला जराबी आवडत नव्हतं ते. बोटीवर वाजवून वाजवून डोकं खायचा. पन लावा तुम्ही." एकाने नाट्यगीत मागितलं. मला हसू येणार होतं. पण मागताना त्याला नीट बोलताच येईना, तेव्हा कळलं की त्याच्या वडिलांना ते खरोखरच आवडायचं. मी ते पूर्ण लावलं, तानांसकट.

कुठलाच फॉरमॅट नव्हता. लावणीनंतर कव्वाली, कव्वालीनंतर बालगीत, एका छोट्या मुलीसाठी. ते मी डोळे मिटून लावलं. आमच्या धंद्यातल्या कुठल्याही शहाण्याने मला वेड्यात काढलं असतं. पण पडद्यावरची रेघ वर गेली आणि वरच राहिली. माणसं पुढचा फोन कोणाचा म्हणून थांबत होती. रोज दुपारी मी बसायला लागले. जाहिरात एकही नाही. मालक म्हणाला, "ताई, जाताना निदान चांगलं वाजवून जाऊ." आणि फोमच्या भिंती उचकटायला माणूस बघायला लागला.

नवमी आली. अविधवा नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांच्या श्राद्धाची. मालकाची आई तशीच गेलेली, त्यामुळे तो सकाळपासून घरी होता. दुपारी ऑफिसात आला तो वैतागलेला.

"आयला आवडायचं ते सगळं वाढलंय. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, थंड्याची बाटली. तिला ते संत्र्याचं थंडं फार आवडायचं. गच्चीवर पान ठेवलंय, पण कावळा शिवतच नाय. बाबा उन्हात उभे आहेत. कोणाचं ऐकत नायत. मला बोलले, जा तू, तुझा रेडिओ बघ."

पानाला कावळा शिवेपर्यंत घरात कोणी जेवत नाही. आणि शिवत नसेल तर गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय, असं समजतात. मग उभं राहून मोठ्याने सांगायचं असतं: तुझं अमुक करू, तमुक करू, आता घास घे. मालक म्हणाला, सगळं सांगून झालं. नातवाच्या शिक्षणाचं सांगितलं, देवीच्या साडीचं सांगितलं.

मी कार्यक्रम सुरू केला. तिसरा की चौथा फोन उचलला आणि पहिल्याच शब्दाला मी आवाज ओळखला. मालक काचेपलीकडे ताडकन उभा राहिला.

"नाव नाय सांगनार," म्हातारा म्हणाला. "गाना लावाचा हाय. बायकोला आवडायचा."

"सांगा ना. कुठलं?"

"तेच माहीत नाय."

मी हेडफोन कानाशी दाबला.

"मिठागरावर होतो आमी. डोक्यावर मिठाची पाटी, उन्हाचा कहर. आनि लांब कुठतरी भोंगा लागायचा, लग्नाचा नायतर पूजेचा. हा गाना लागला क ती उभी. पाटी डोक्यावर, आनि जागची हलायची नाय, गाना सपेपर्यंत. मी शिव्या द्यायचो. मुकादम बोंबलायचा. तरी नाय हलायची." मागे कोणीतरी कावळ्यांना हाका मारत होतं. "शब्द नाय ऐकू यायचे तिथवर. नुसतं वाजवायचे तेवढंच यायचं. ट्यँव ट्यँव ट्यँ... मग शिटी... आनि शेवटाला बाई हसते."

आणि तो गुणगुणला. रेडिओवर, सगळ्यांसमोर, सत्तरीचा माणूस, बेसूर. मला काहीही कळलं नाही. जन्म गेला गाण्यांत, पण त्या ट्यँव ट्यँवमधून मला गाणं सापडेना. "लाइनवर थांबा, बाबा," मी म्हटलं आणि माइकवर सगळ्यांनाच सांगितलं, "कोणाला कळलं का हो? पटकन फोन करा. तिकडे पान वाढून ठेवलंय."

दुसरी लाइन पेटली. डोंबिवलीचे एक काका म्हणाले, ही तर पिलू रागातली बंदिश. मी ठेवला फोन. कल्याणच्या पार्लरवालीने एक गाणं सुचवलं, म्हातारा लाइनवर ऐकत होता, म्हणाला, "ह्यॅ, ह्यो नाय." रिक्षावाल्याने एक सुचवलं. "नाय." अजून एक. "नाय रं." त्याचा आवाज बारीक होत चालला होता. "र्‍हाऊंदे," तो म्हणाला. "माझाच चुकला. कधी विचारला नाय तिला."

तेवढ्यात अजून एक फोन.

"मी डोंबिवली पूर्वेहून बोलतेय," पलीकडची बाई म्हणाली. "नाव नको." आवाज मुद्दाम जाड केलेला, पण मागे आमच्याच घरातला कुकर शिट्टी देत होता. "ते क्लबमधल्या नाचाचं गाणं आहे. हिंदी. नाचणारी बाई चकचकीत पायऱ्यांवरून उतरते आणि मध्ये ट्रम्पेट आहे. शीळ आहे. आणि शेवटी अशी हसते..."

आणि माझी ऐंशी वर्षांची आई रेडिओवर हसली. त्या गाण्यातल्या बाईसारखी. तंतोतंत, ठसक्यात. मी तोंडावर हात धरला.

"हांऽऽ!" म्हातारा ओरडला. "योच! योच तो!"

मी गाणं शोधून लावलं. गाणं हवेत गेलं, आमचे माइक बंद, पण त्याची लाइन मी तोडली नाही. स्पीकरवर त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने तिकडे दुसऱ्या मोबाइलवर आवाज मोठा केला असणार, कारण आमचंच गाणं गच्चीवरून जरा उशिराने परत आमच्याकडे येत होतं. मालक आत येऊन माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. तो रडत होता, आणि मीही.

शेवटी ती बाई हसली. आणि म्हातारा ओरडला, "हड्! हड्, हड्!"

"काय झालं बाबा? कावळा आला?"

"कावला कसला! मांजर! वडा घेऊन पलाली!" आणि तो हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला. "जाऊंदे. चालल. तिला मांजरा आवडायची." मग त्याने विचारलं, "पोऱ्या हाय का तिथं?"

"आहे."

"त्याला सांग, जेवाला ये. आनि जिमवाल्याला मागचा गाळा दाखव. ह्यो नाय."

घटस्थापनेला आमच्या गाळ्यात आम्हीच पूजा घातली. आता आमचं स्टेशन पंचांगाप्रमाणे चालतं. लग्नसराईत हळद, शिमग्याला शिमगा, गणपतीत गणपती. भिंतीवरचा तो नियम मी फाडून टाकला आणि तिथे पिठाच्या गिरणीतलं कॅलेंडर लावलं. सोनाराने विचारलं, पुढच्या पितृपक्षातले ते दुपारचे फोन आपण प्रायोजित करू का. मी नाही म्हटलं. मालकाने माझ्याकडे बघितलं, आणि तोही नाही म्हणाला. ती दुपार ऐकलेली माणसं पुढे वर्षभर आमच्याकडेच राहिली, आणि सोनाराच्या जाहिराती तीच ऐकतात. त्यामुळे त्याचंही काही बिघडलं नाही.

पण नवमीच्या संध्याकाळी मी घरी गेले ते भांडायलाच. आई भेंडी चिरत होती, काही झालंच नाही अशी.

"तू त्या गाण्याला शून्य दिलेलंस!" मी म्हटलं. "पाचपैकी शून्य! शी म्हणालेलीस!"

"मग? लेक वही घेऊन समोर बसते, 'श्रोता क्रमांक एक' म्हणते. आई काय सांगणार? क्लबमधला नाच?"

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांना नाट्यगीत आवडतं असं ते सांगायचे." तिने भेंडीचं देठ बाजूला टाकलं. "शीळ कुठली घालायचे, ते तुला माहीतच आहे."

मी तिच्यासमोर बसले. मला राग आला होता की हसू, कळत नव्हतं. तिच्या आवडीचं गाणं मला आज, एका परक्या म्हाताऱ्यामुळे कळलं होतं.

"आई, अजून कुठली आवडतात गं तुला? नीट सांग. लिहून ठेवते."

तिने सुरी खाली ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"का? मी मेल्यावर लावायला?"

मी सुरी उचलली आणि भेंडी चिरायला घेतली.

"उद्या दुपारी लाव," ती म्हणाली. "मी घरीच आहे. आणि येताना कोथिंबीर आण, वड्या करते."